पेपर आधी का वरंबा आधी?

"नमस्कार काका. केज तालुक्यात आमचं तीन एकर रान, मध्यम काळी जमीन, दोन एकरातलं सोयाबीन आत्ताच काढलंय. विहिरीवर ५ एचपीची मोटर, दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत रोज सवा तास चालती, संक्रांतीनंतर अर्धाच तास, मग फुटबॉल (पाईपच्या तळाची पाणी ओढणारी झडप) उघडा पडतो. मोबाईलवर चीनचा व्हिडिओ बघितला, कोरडवाहू भाग, सगळं रान प्लास्टिकनं झाकलेलं, उंच वरंबे आन् बटाट्याचे ढीगच्या ढीग, पाणी म्हणे निम्मं लागतं. मेव्हणा पुणे जिल्ह्यात मंचरकडं पावसाळ्यात बटाटा करतो, तो म्हणला दोन एकर करून टाक, बेणं मी देतो. दुकानदार म्हणतो रान झाकायचा प्लास्टिकचा पारदर्शक पेपर घ्या, स्वस्त पडतो. आमची मंडळी म्हणती सोयाबीनच्या भुसकटाचा एवढा ढीग पडलाय तो टाका की, पेपरला कशाला पैसे घालता. मी म्हणलं तू गप बस. आता तुम्हीच सांगा, कोणता पेपर घेऊ आन् किती?"
एक वाचक, ता. केज, जि. बीड

दादा, तुम्ही एकदम पेपरवरच आलात. आधी पाणी मोजू, मग वरंबा, पेपर त्याच्यानंतर. आणि मंडळीला गप बस म्हणलात ती जरा घाई झाली, तिच्याकडं पण येतोच.

तो व्हिडिओ बहुतेक गान्सू प्रांतातला असणार, डिंगशी वगैरे भाग, बटाट्यासाठी चीनमध्ये नावाजलेला. तिथं वर्षाचा पाऊस आहे साधारण ४०० मिलिमीटर, म्हणजे आपल्यापेक्षा बराच कमी, त्यामुळं आपल्याला वाटतं की तिथं जमलं तर इथं का नाही जमणार. पण तिथला शेतकरी लागवड करतो एप्रिल-मेमध्ये, तेव्हा माती गारठलेली असते आणि पाऊस यायचा असतो पुढं जुलै ते सप्टेंबर. म्हणून तो प्लास्टिक टाकतो ते एक तर माती उबदार व्हावी म्हणून, आणि दुसरं म्हणजे आपल्या पत्र्याच्या घराला पन्हाळ असते ना, तसं, दोन थेंब जरी पडले तरी ते वरंब्यावरनं घसरून सरीत यावेत आणि मुळाशी मुरावेत, त्यासाठी सरीतल्या पेपरला तो भोकं पण पाडून ठेवतो. वाऱ्यानं उडू नये म्हणून दोन-तीन मीटरवर मातीचा आडवा पट्टा टाकतो, तो तुम्ही व्हिडिओत बघितला असेल. आता आपलं बघा. आपण लावणार दिवाळीच्या आगंमागं, रान अजून ऑक्टोबर हीटनं तापलेलं, आणि पाऊस झाला तेवढा झाला, पुढं काही नाही, आलाच तर अवकाळी. म्हणजे ऊब आपल्याला नको आहे आणि पन्हाळीला पाणीच नाही. उरतं एकच काम, आहे ती ओल उडू न देणं. ते काम पेपर करतो, चांगलं करतो, पण तेवढंच करतो हे डोक्यात ठेवून पुढं वाचा.

पारदर्शक पेपरचं नाव सुद्धा काढू नका. उन्हाळ्यात रोपवाटिकेच्या वाफ्यातली बुरशी मारायला माती तापवतात ना, ती ह्याच पेपरनं तापवतात, आणि तुम्ही त्याच्याखाली बटाटा ठेवणार! बटाटा हे काही मूळ नाही, जमिनीतल्या फांदीचं टोक फुगून तो होतो, आणि ते टोक फुगणार का नुसतंच लांबत जाणार हे बरंचसं रात्रीच्या गारव्यावर असतं. रात्र २० डिग्रीच्या खाली गेली की गाठ धरते, वर राहिली की पाला असा मातब्बर की बघणारा म्हणेल काय प्लॉट आहे, आणि उकरलं की करंगळीएवढ्या गाठी. माती ३० डिग्रीकडं सरकली की फुगणं जवळपास थांबतंच. वर पारदर्शक पेपरमधनं ऊन आत जातं आणि तणाला उजेड मिळतो तो वेगळाच, पेपरच्या आत हराळी अशी माजते की पेपर उचलून धरते.

मेव्हण्याचं पण हेच आहे. सातगाव पठार, मंचर, खेड ह्या पट्ट्यात खरिपाचा बटाटा होतो कारण ते रान उंचावर आहे, पावसाळ्यात तिथं हवा गार असते. आपल्याकडं जुलै-ऑगस्टची रात्र काय तशी गार नसते. त्याचा अनुभव खोटा नाही पण तो त्याच्या रानाचा आहे.

आता पाणी. तुम्ही सवा तास म्हणता पण सवा तासात किती लिटर ते सांगत नाही, कुणीच सांगत नाही. एक २०० लिटरचा ड्रम घ्या, डिलिव्हरी त्यात सोडा, मोबाईलवर टायमर लावा. माझ्या ५ एचपीला ४५ सेकंद लागतात, म्हणजे तासाला १६ हजार लिटर. तुमची विहीर किती खोल, पाईप किती लांब त्यावर फरक पडेल, पण समजा तेवढंच धरलं तर संक्रांतीपर्यंत तुमच्याकडं रोज २० हजार लिटर आणि संक्रांतीनंतर ८ हजार. एका एकरावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण ४ हजार लिटर होतात, आणि पाल्यानं रान झाकलेला बटाटा डिसेंबर-जानेवारीत दिवसाला साधारण ४ मिलिमीटर ओढतो, म्हणजे एकरी १६ हजार. दोन एकराला ३२ हजार. तुमच्याकडं भरात असताना २० हजार आणि नेमका बटाटा पोसायच्या टायमाला ८ हजार! आता तुम्हीच सांगा दोन एकर कसं बसवायचं.

तुम्ही म्हणाल पेपर टाकला की निम्मं लागतं. लागतं, पण कधी ते बघा. पहिले ३५-४० दिवस झाड लहान असतं, माती उघडी असते, तेव्हा जे पाणी उडतं ते मातीतनं उडतं, तिथं पेपर जाम वाचवतो. एकदा पाला मिळाला की पाणी पानातनं जातं, आणि पानातनं जाणारं पाणी पेपर कसं अडवणार, ते तर पिकाला लागणारच. म्हणून बचत सुरुवातीला मोठी आणि पुढं बारीक होत जाते, आणि तुमची टंचाई आहे शेवटाला. हा हिशोब दुकानदार सांगत नाही कारण त्याला रोल विकायचेत आणि व्हिडिओवाल्याला लाईक पाहिजेत, त्यांचं काय चुकलं म्हणा.

तर अर्धा एकर करा. संक्रांतीनंतरचे ८ हजार लिटर अर्ध्या एकराला बरोबर पुरतात, सुरुवातीला पाणी उरेल त्यावर दुसऱ्या तुकड्यात हरभरा भिजवा.

वरंब्याला मात्र माझा शंभर टक्के होकार. आणि ही चीनवरनं आणायची गोष्ट नाही हो, आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं बीबीएफवर सोयाबीन करा, रुंद वरंबा सरी करा म्हणून किती वर्ष सांगितलंय, तुमच्या गावात पण कुणाकडं तरी ते यंत्र असेलच. काळ्या रानात बटाट्याचा खरा वैरी म्हणजे चिबड, रानात पाणी साचून राहणं. जास्त पाणी झालं की बटाट्याच्या सालीवर पांढरे पांढरे ठिपके फुगतात आणि तिथनं सड लागते, कमी झालं की माती आवळून बटाटा वाकडातिकडा होतो, आज तहान उद्या पूर असं केलं तर तडकतो. वरंब्यात माती मोकळी राहते, जादा पाणी सरीत उतरतं, आणि काढताना ढेकळं फोडत बसावं लागत नाही.

सपाट रानात नंतर भर लावून लावून, म्हणजे झाडाच्या बुडाशी माती चढवून, वरंबा करायची आपली पद्धत आहे, पण पेपर टाकायचा असेल तर नंतर भर लावता येत नाही, सगळी माती पहिल्याच दिवशी वर पाहिजे. इथंच बरेच जण फसतात. ४ फुटी पेपरचं गणित सरळ आहे, बेडचा म्हणजे वरंब्याचा माथा २ फूट, दोन्ही बाजूचा उतार ८-८ इंच, आणि दोन्हीकडं ४-४ इंच पेपर मातीत गाडायला, झाले ४८ इंच. बेडच्या मध्यापासून मध्यापर्यंत साडेचार फूट ठेवा. रोटा मारल्यावर, वाफसा असताना, म्हणजे माती फार ओली नाही आणि फार कोरडी नाही अशी असताना, बेड पाडा, ओल्यात पाडला तर त्याची वीट होते. कुजलेलं शेणखत बेडच्या जागी आधीच मिसळा, ताजं घालू नका, हुमणी (मुळं खाणारी अळी) येते. बेडच्या मधोमध एक १६ एमएमची इनलाइन लॅटरल (ठिबकची नळी), आणि पेपर टाकायच्या आधी ती एकदा चालवून बघा, कुठं ड्रीपर बंद आहे, कुठं उंदरानं कुरतडलंय, पेपर टाकल्यावर काही दिसत नाही. मी एकदा हे केलं नव्हतं, बेडच्या शेवटाला वीस फूट झाडं का माना टाकतायत हे कळायला मला आठ दिवस लागले, पेपर फाडल्यावर कळलं लॅटरलची घडी पडलेली.

पेपर चंदेरी-काळा, चंदेरी बाजू वर. वरनं ऊन परत फेकतो म्हणून माती पारदर्शकसारखी तापत नाही, खालनं काळा असल्यानं तण उगवत नाही आणि वरवर आलेला बटाटा हिरवा पडत नाही. हिरवा बटाटा खायचा नसतो हे तुम्हाला माहीत असेलच, त्यात विषारी द्रव्य तयार होतं आणि कडू लागतो. शिवाय चंदेरी चकाकीनं मावा जरा बिचकतो, आणि बटाट्यात मावा म्हणजे नुसता रस पिणारा किडा नाही, व्हायरस घेऊन येणारा पाहुणा आहे. जाडी २५ ते ३० मायक्रॉन. आता ही मायक्रॉनची गंमत ऐका. काही वर्षांखाली एका दुकानातनं ३० मायक्रॉन म्हणून रोल आणले, डिसेंबरात वारं सुटलं आणि पेपर लुगड्यासारखा फाटत गेला. उरलेला एक रोल काट्यावर टाकला तर ८ किलो. ४ फुटी, ४०० मीटरचा ३० मायक्रॉनचा रोल १३ किलोच्या आसपास भरायला पाहिजे, २५ चा असेल तर ११. तेव्हापासून मी रोल घेताना आधी काट्यावर ठेवतो, दुकानदाराचं तोंड वाकडं झालं तरी ठेवतो.

लागवड दसरा झाला म्हणून लगेच करू नका. एक साधा थर्मामीटर घ्या, काचेचा, दुपारी दोन-तीनच्या सुमाराला बेडमध्ये ४ इंच खोल खुपसून पाच मिनिटं ठेवा. ३० च्या वर दाखवला तर आठ दिवस थांबा. साधारण नोव्हेंबरचा पहिला-दुसरा आठवडा येतो. बेणं मात्र मेव्हण्याकडचं नको, त्याचा खरिपाचा माल आत्ता निघालाय, त्या बटाट्याची झोप अजून पुरी झालेली नसते, लावला तर महिना महिना उगवत नाही. प्रमाणित बेणं घ्या, कुफरी पुखराज लवकर पोसतो आणि ८०-९० दिवसात मोकळा होतो, तुमच्या पाण्याला तोच बरा. उष्णतेत तग धरणारा म्हणून शिमल्याच्या बटाटा संशोधन संस्थेनं कुफरी सूर्या काढलाय, बेणं मिळालं तर दोन ओळी लावून बघा. कोल्ड स्टोरेजमधनं आणलेलं बेणं आठ-दहा दिवस सावलीत पसरा, डोळ्यातनं गव्हाएवढे जाड कोंब आले पाहिजेत. ३०-४० ग्रॅमचे अख्खे बटाटे निवडून घ्या, आपल्या गरम मातीत कापलेली फोड सडायला वेळ लागत नाही. मोठेच असतील आणि कापावेच लागले तर मॅन्कोझेबच्या पाण्यात, लिटरला ३ ग्रॅम, बुडवून सावलीत सुकवून मग लावा. अर्ध्या एकराला ४ ते ५ क्विंटल बेणं बसतं.

पेपरला भोक ३ इंचाचं, बेडवर दोन ओळी, दोन ओळीत सव्वा फूट, झाडात ९ इंच, आणि बटाटा चांगला ४-५ इंच खोल टोबायचा, वरवर ठेवायचा नाही कारण भर नाही. आता महत्त्वाचं. लावल्यावर बाराव्या दिवसापासून विसाव्या दिवसापर्यंत रोज सकाळी कुणीतरी बेडवरनं फिरायलाच पाहिजे. कोंब काय सरळ भोकातनंच येईल असं नाही, दोन बोटं इकडं तिकडं झाला की पेपरला डोकं टेकवून बसतो, आणि दुपारी त्या पेपरखाली तो उकडून निघतो. हात लावला तर भाजीसारखा मऊ लागतो, मी बघितलंय. पेपर एका जागी टम्म फुगल्यासारखा दिसला की बोट घालून कोंब भोकात ओढून घ्यायचा आणि भोकाभोवती मूठभर माती टाकायची. लेकरांना पण जमतं हे काम, शाळेच्या आधी अर्धा तास.

आता मंडळीचं भुसकट. दादा, ती बरोबर बोलली. भुसकटानं माती पेपरपेक्षा गार राहते, आणि आपल्याला गारवाच पाहिजे. शिवाय काळ्या रानाला बटाटा पोसायला लागला की वरंब्याला भेगा पडतात, आणि त्या भेगांतनं बटाट्याची पाकोळी आत उतरून अंडी घालते, मग अळी बटाटा पोखरते आणि तुम्हाला कळतं घरात ढीग लावल्यावर, डोळ्यापाशी बारीक काळी विष्ठा दिसती तेव्हा. भेग झाकणं हा ह्या किडीवरचा अर्धा इलाज आहे, मग ती पेपरनं झाका नाहीतर भुसकटानं. भुसकटात अडचणी पण आहेत. वाऱ्यानं उडतं, म्हणून टाकल्या टाकल्या वरनं पाणी शिंपडून दाबावं लागतं. उंदीर घर करतात. रानात वाळवी असेल तर ती येते. तण पेपरसारखं पूर्ण थांबत नाही. आणि भुसकट कुजताना थोडं नत्र खातं, म्हणून ते मातीत मिसळायचं नाही, नुसतं वर पसरायचं.

म्हणून माझं म्हणणं असं, अर्धा एकर म्हणजे २० गुंठे, त्यातले १० गुंठे पेपरवर आणि १० गुंठे भुसकटावर करा. बेड तेच, लॅटरल तीच, बेणं तेच. १० गुंठ्याला दोन रोल पुरतात. भुसकटाच्या बाजूला २५-३० दिवसांनी फावड्यानं सरीतली माती ओढून भर लावा आणि मग वरनं चार बोटं जाड थर पसरा. पाणी दोन्हीकडं एकाच व्हॉल्ववरनं सोडू नका, वेगळे व्हॉल्व ठेवा, आणि दर दोन दिवसाला बेडमध्ये हात घालून मूठभर माती दाबून बघा, गोळा होऊन बोटाला चिकटली तर त्या दिवशी पाणी नाही, गोळा होऊन टिचकीनं फुटला तर सोडा. पेपरखाली पाणी जास्त होणं ही फार कॉमन चूक आहे, वरनं सरी कोरडी दिसते आणि माणूस मोटर चालू ठेवतो. कोणत्या बाजूला किती तास दिलं ते कॅलेंडरवर लिहा, आणि काढताना दोन्हीकडचा माल वेगळा तोला.

पेपरला महाडीबीटी ह्या सरकारी पोर्टलवर अनुदान मिळतं, पण अर्ज, निवड, पूर्वसंमती असा तो प्रवास आहे, पूर्वसंमतीच्या आधी खरेदी केलेलं बिल चालत नाही. सहायक कृषी अधिकाऱ्याला, म्हणजे पूर्वीच्या कृषी सहायकाला, विचारून घ्या, दोन रोलसाठी त्यात पडायचं का ते तुमचं तुम्ही ठरवा.

काढणी. पाला पिवळा पडायला लागला की पाणी बंद, पाला कापा, दहा-बारा दिवस तसंच राहू द्या, साल पक्की होते, अंगठ्यानं घासून निघाली नाही पाहिजे. मग आधी लॅटरल गुंडाळा, पेपर अख्खा ओढून काढा, आणि त्याच्यानंतरच नांगर किंवा कुदळ. उलटं केलं तर पेपरच्या चिंध्या होऊन मातीत जातात. चीनमध्ये हे फार झालं, पातळ ८ मायक्रॉनचे पेपर वर्षानुवर्ष मातीत राहिले, शेवटी त्यांना २०१७ साली नियम बदलून जाडी किमान १० मायक्रॉन करावी लागली. आपल्याकडं आणखी एक भानगड, धुऱ्यावर ढीग करून ठेवला की गुरं चघळतात आणि पोटात गोळा होतो. जाळू पण नका, झाडून गुंडाळून भंगारवाल्याला द्या.

विकायचं म्हणाल तर फेब्रुवारीत उत्तरेकडचा, आग्र्याकडचा नवा माल सुरू होतो आणि आडतीला भाव मऊ असतो, त्यात दोन एकराचा माल घेऊन गेला असतात तर विक्रीच्या हिशोबाची पट्टी बघून परत येताना कुणाशी बोलला नसतात. अर्ध्या एकराचा माल केजच्या आणि आसपासच्या आठवडी बाजारात कट्ट्याकट्ट्यानं, निवडून, हाताळून विकता येतो.

आणि हो, त्या ढिगातलं जनावरांना उन्हाळ्यापर्यंत पुरेल एवढं भुसकट आधी बाजूला काढून ताडपत्रीखाली झाका, ते किती लागतं हे मंडळीलाच विचारा, आणि ह्या वेळी ती काय म्हणती ते ऐका.